विमानाची प्रतिकृति : खेळ कीं अभ्यास ?

बडनेरा हें आगगाडीचें गांव आहे. मुंबई-नागपूर लोहमार्गावरील हें जंक्शन. येथूनच अमरावतीस फांटा जातो. येथील मुलांस गाड्यांचीं नांवें व वेळा पाढ्यांप्रमाणें पाठ असतात, आणि रूळ, सिग्नल व इंजिन यांविषयीं परगांवचा कोणी कांहीं नवें सांगूं लागल्यास तीं मनांतल्या मनांत हंसतात. परंतु अलीकडे या गांवच्या मुलांची दृष्टि रुळांवरून आकाशाकडे वळूं लागली आहे. गांवाजवळच बेलोरा येथें अमरावतीचा विमानतळ आहे. तेथें १६ एप्रिल २०२५ रोजीं मुंबईची उतारू विमानसेवा सुरू झाली. तेव्हांपासून विमानाचा आवाज कानीं पडतांच वर्गांतील निम्मीं डोकीं खिडकीकडे वळतात, आणि शिक्षकांचा आवाज थोडा वाढतो.

या विमानवेडाचेंच एक रूप म्हणजे लढाऊ विमानांच्या लहान प्रतिकृति जोडण्याचा छंद. कित्येक वडील माणसांस हा छंद पोरकट वाटतो. "अभ्यास सोडून खेळणीं काय जोडतां ?" हा प्रश्न आम्हां चौघां सोबत्यांस गेल्या उन्हाळ्याच्या सुटींत इतक्या वेळां ऐकावा लागला कीं, त्याचें उत्तर या वार्षिकाच्या पानांतून एकदां नीट द्यावें असें आम्हांस वाटलें. आमचें म्हणणें थोडक्यांत हें : डब्यावरील चित्राबरहुकूम विमान जोडणें हा खेळ होय, आणि त्यास आमची हरकत नाहीं, परंतु तें विमान कोणतें, कोणत्या सालचें व कोणाचें, हें आधीं शोधून मग तें जोडणें हा अभ्यास होय, आणि हा अभ्यास आमच्यासारख्या शाळांतून व्हावा.

ज्यांनीं असा संच पाहिलेला नाहीं त्यांच्यासाठीं दोन शब्द लिहितों. डब्यांत प्लॅस्टिकच्या चौकटी असतात, व त्या चौकटींस विमानाचे सुटे भाग, तुरीच्या झाडास शेंगा लागाव्या तसे, लागलेले असतात. एकेक भाग कापून, पॉलिश कागदानें घासून, प्लॅस्टिक किंचित् विरघळविणाऱ्या पातळ द्रवानें जोडावयाचा. सांध्यांत फट राहिल्यास लांबी भरावयाची. मग रंग द्यावयाचा. आणि शेवटीं पाण्यांत भिजवून कागदावरून सुटणारीं चिन्हें व अंक जागच्या जागीं बसवावयाचे. आमचा संच १:७२ या प्रमाणाचा होता. हें प्रमाण प्रथमदर्शनीं चमत्कारिक वाटतें, परंतु त्याचें मूळ इंग्रजी मापांत आहे. सहा फूट म्हणजे बहात्तर इंच. तेव्हां प्रतिकृतींतील एक इंच म्हणजे खऱ्या विमानाचे सहा फूट, अर्थात् साधारण एक उंच माणूस. इंग्लंडांत 'फ्रॉग' या नांवानें १९३६ सालीं या प्रमाणाचे प्लॅस्टिकचे संच विक्रीस आले, आणि पुढें हेंच प्रमाण जगभर रूढ झालें.

या प्रमाणांत गणिताचा एक मोठा धडा दडलेला आहे. लांबी बहात्तर पटींनीं लहान झाली, तर पंखाचें क्षेत्रफळ बहात्तराच्या वर्गानें, म्हणजे ५,१८४ पटींनीं लहान होतें, व घनफळ बहात्तराच्या घनानें, म्हणजे ३,७३,२४८ पटींनीं. आठ हजार किलोग्रॅम वजनाचें विमान त्याच द्रव्याचें व त्याच घडणीचें ठेवून या प्रमाणांत केल्यास तें अवघें एकवीस ग्रॅम भरेल. समरूप आकृतींचा नियम आम्हीं परीक्षेसाठीं पाठ केला होता. तो समजला मात्र त्या दिवशीं, स्वयंपाकघरांतील तराजू मागून आणल्यावर.

हा छंद केवळ पोरखेळ नव्हे, याची साक्ष इतिहासांतही आहे. दुसऱ्या महायुद्धांत अमेरिका उतरल्यावर, १९४२ च्या आरंभीं, तेथील आरमारानें देशांतील शाळांकडे एक विलक्षण मागणी केली. निरनिराळ्या राष्ट्रांच्या लढाऊ विमानांच्या पांच लक्ष लांकडी प्रतिकृति विद्यार्थ्यांनीं करून द्याव्या, आणि त्या १:७२ या प्रमाणांत असाव्या, अशी ती मागणी होती. आकाशांतील विमान आपलें कीं शत्रूचें हें नुसत्या बाह्याकृतीवरून ओळखण्याचें शिक्षण सैनिकांस व टेहळ्यांस द्यावयाचें होतें. पंखाचें टोंक गोल कीं चौकोनी, शेपूट उंच कीं ठेंगणें, एवढ्या फरकावर तोफ डागावी कीं न डागावी हें ठरत असे. चुकीची प्रतिकृति पाहून शिकलेला तोफवाला आपल्याच माणसास मारील, हें उघड होतें. ब्रह्मदेशाच्या आघाडीवरही हीच काळजी घ्यावी लागली. तेथील ब्रिटिश व हिंदी विमानांवरील वर्तुळांतून लाल रंग काढून टाकण्यांत आला, कारण जपानी विमानांवर लाल गोळा असे, आणि घाईंत दोहोंचा घोटाळा होण्याची भीति होती. रंगाचा एक ठिपकाही जेथें प्राणाशीं संबंध ठेवतो, तेथें तो ठिपका बिनचूक काढणाऱ्या मुलास पोरकट म्हणणें योग्य नाहीं.

आतां आमच्या स्वतःच्या चुकीची हकीकत सांगतों, कारण या लेखाचें मूळ तींतच आहे. आमच्यापैकीं एकाच्या थोरल्या बहिणीनें नागपूरहून त्याच्यासाठीं मिग-२१ या विमानाचा संच आणिला होता. आम्हीं चौघांनीं मिळून तो पंधरा दिवसांत जोडिला. डब्यावर रशियन विमानाचें चित्र होतें. परंतु आपलें विमान आपल्या देशाचें असावें या अभिमानानें आम्हीं त्यावर आपल्या वायुसेनेचें वर्तुळ काढिलें : बाहेर केशरी, मध्यें पांढरें, आंत हिरवें. वैमानिकाच्या डोक्यावरील कांचेचें झांकण, सूचनापत्रकांत दाखविल्याप्रमाणें, बाजूस उघडलेलें बसविलें. अंगास हिरवा व तपकिरी रंग दिला, कारण युद्धाचें विमान असेंच असतें अशी आमची समजूत होती. तें एवढें सुरेख दिसूं लागलें कीं, आम्ही तें हातांत घेऊन मुद्दाम जुन्या वस्तींतून फिरलों.

तेथें आमच्या एका सोबत्याच्या शेजारीं एक वयोवृद्ध गृहस्थ राहतात. ते तरुणपणीं वायुसेनेंत यांत्रिक होते. त्यांनीं चष्मा लाविला, विमान उजेडांत धरून बराच वेळ न्याहाळलें, आणि म्हणाले, "पोट्टेहो, इमान तं झ्याक जमलं. शेपूट बी बराबर हाये. पन हे झाकन कडेले उघडलं ना, ते आमच्या इमानाचं नोहे. आमचं झाकन समोरं उघडे. अन् मले हे सांगा, हे कोन्त्या सालचं हाये ?"

आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे पाहूं लागलों. "आजोबा, मिग-२१ आहे," एवढेंच आमच्यांतील एकानें धीर करून सांगितलें. त्यावर ते हंसले व म्हणाले, "मिग तं दिसते बाप्पा. पन कोन्तं ?" आम्हांस वाटत होतें कीं आम्हीं एक विमान तयार केलें आहे. वास्तविक आम्हीं जें तयार केलें होतें, तसें विमान आपल्या देशाच्या आकाशांत कधीं उडालेंच नव्हतें.

त्या प्रश्नानें आमची उरलेली सुटी घेतली, आणि त्याबद्दल आम्हांस तिळमात्र खेद नाहीं. शोध करितां करितां जें हातीं लागलें तें येथें क्रमानें देतों. मिग हें नांव मिकोयान व गुरेविच या दोन सोव्हिएत विमान-रचनाकारांच्या नांवांवरून पडलें आहे. मिग-२१ ची मूळ जाति एक असली तरी तिच्या पोटजाति अनेक आहेत. आमचा संच ज्या पोटजातीचा होता तिचें झांकण बाजूस उघडतें. आपल्या वायुसेनेनें १९७१ च्या युद्धांत जें विमान मुख्यत्वें वापरलें तें 'एफएल' नांवाचें. त्याचें शेपूट आमच्या संचांतल्याप्रमाणेंच रुंद, परंतु झांकण जुन्या पद्धतीचें, म्हणजे पुढच्या बाजूच्या बिजागरीवर उघडणारें होतें. हा फरक शोभेचा नव्हता. या जुन्या रचनेंत संकटसमयीं वैमानिक आसनासह बाहेर फेंकला जाई तेव्हां तें झांकणही त्याच्याबरोबरच जाई, आणि प्रचंड वेगाच्या वाऱ्यापासून ढालीप्रमाणें त्याचें रक्षण करी. आम्हीं जें झांकण सहज चिकटवून टाकिलें होतें, त्याच्या बिजागरीशीं एका माणसाच्या प्राणाचा संबंध होता.

दुसरा प्रश्न तोफेचा. 'एफएल' जातीच्या विमानाच्या अंगांत तोफ बसविलेली नव्हती. शत्रूच्या विमानावर सोडावयाचे अग्निबाण हेंच त्याचें मुख्य शस्त्र मानलें होतें. अनुभवानें हें अपुरें ठरलें, आणि पोटाखालीं टांगावयाची एक निराळी पेटी वापरण्यांत आली. तींत २३ मिलिमीटरची दुहेरी नळीची तोफ असे. म्हणजे प्रतिकृतीच्या पोटाखालीं ही पेटी लावावी कीं नाहीं, याचें उत्तर डब्यांत मिळत नाहीं. तें साल ठरविल्याशिवाय देतांच येत नाहीं. आजोबांनीं प्रथम साल कां विचारलें, तें आम्हांस येथें कळलें.

तिसरा प्रश्न रंगाचा. हीं विमानें वायुसेनेंत आलीं तेव्हां धातूच्या चकचकीत रंगाचीं होतीं. १९७१ सालीं युद्ध जवळ आलें तेव्हां जमिनीवर उभें असलेलें चकचकीत विमान शत्रूस दुरून दिसेल, म्हणून अनेक पथकांनीं तीं घाईनें, आपापल्या परीनें रंगविलीं. त्यामुळें एका पथकाचें विमान दुसऱ्यासारखें नसे. 'युद्धाच्या विमानाचा रंग' असा एकच रंग नव्हता. अमुक पथकाच्या अमुक विमानाचा अमुक महिन्यांतील रंग असें म्हणावें लागतें, आणि तोही बहुतेक काळ्यापांढऱ्या छायाचित्रांवरून ताडावा लागतो. आमचा हिरवा-तपकिरी रंग कदाचित् एखाद्या विमानाशीं जुळलाही असता. परंतु जुळलाच तर तो योगायोग होता, ज्ञान नव्हे.

शोधाच्या या वाटेवर आम्हांस आणखी एक गोष्ट सांपडली, आणि तीमुळें हें विमान आम्हांस एकदम घरचें वाटूं लागलें. बडनेऱ्याहून मुंबईकडे जाणारी गाडी नाशिक रोडवरून जाते. त्या नाशिकजवळील ओझर येथें, यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री असतांना, मिग विमानांच्या कारखान्याची योजना झाली. विमानाचा सांगाडा ओझर येथें, इंजिन ओडिशांतील कोरापूट येथें, व विद्युत्-उपकरणें हैदराबाद येथें, अशी कामाची वांटणी होती. आणि आरंभीं ओझरास काय घडत होतें ? रशियाहून सुट्या भागांचे संच येत, व ते आमचे कारागीर सूचनापत्रकें पाहून जोडीत ! आमच्याजवळ जो डबा होता त्याचीच ती बहात्तर पट मोठी आवृत्ति. परंतु ते कारागीर तेथेंच थांबले नाहींत. प्रथम तयार भाग जोडले. मग कांहीं भाग येथेंच घडविले. आणि अखेर कच्च्या धातूपासून संपूर्ण विमान तयार केलें. अशीं सहाशेंहून अधिक मिग-२१ विमानें नाशिकास झालीं. जोडणें, समजणें आणि मग स्वतः घडविणें हा जो क्रम राष्ट्रानें गिरविला, तोच लहान प्रमाणांत विद्यार्थ्यानें गिरवावा, यांत पोरकटपणा कोणता ?

आतां आक्षेपांचा विचार करूं. पहिला आक्षेप वेळेचा. यांत अभ्यासाचा वेळ जातो, असें पालक म्हणतात. नुसतें चिकटविण्यांत वेळ जातो हें आम्हांस मान्य आहे. परंतु प्रमाण, क्षेत्रफळ व घनफळ, ध्वनीच्या दुप्पट वेग म्हणजे काय, पंख त्रिकोणी कां, नाकांतील अणकुचीदार शंकूचा उपयोग कोणता, १९७१ चें युद्ध कां व कसें झालें, नकाशांत जामनगर व ढाका कोठें आहेत, इतक्या विषयांचीं दारें ज्या एका वस्तूनें उघडतात, ती वस्तु अभ्यासाची वैरीण कशी ? शिवाय इंग्रजी वाचनाचा आम्हांस जो कंटाळा होता तो या निमित्तानें गेला. जगन मोहन व समीर चोप्रा यांनीं १९७१ च्या पूर्वेकडील हवाई युद्धावर लिहिलेला इंग्रजी ग्रंथ २०१३ सालीं प्रसिद्ध झाला. शब्दकोश मांडीवर घेऊन आम्हीं त्याचीं जेवढीं पानें वाचलीं, तेवढीं पाठ्यपुस्तकाचीं कधीं वाचलीं नव्हतीं.

दुसरा आक्षेप पैशाचा, आणि तो खरा आहे. हे संच बहुतेक परदेशांतून येतात व महाग पडतात. शेतकऱ्याच्या किंवा रेल्वेंतील लहान नोकरदाराच्या घरीं ते प्रत्येक मुलास घेऊन देणें शक्य नाहीं. परंतु आमच्या सूचनेंत प्रत्येकास एक संच हवाच असें नाहीं. दहा जणांत एक संच पुरतो. तोही नसल्यास पुठ्ठा व हलकें लांकूड आहेच. अमेरिकेंतील त्या विद्यार्थ्यांनीं लांकूडच तासलें होतें, हें विसरूं नये. महाग असतें तें प्लॅस्टिक. शोध फुकट होतो. मिग-२१ चे पंख टोंकापासून टोंकापर्यंत सुमारे सात मीटर. तेव्हां १:७२ प्रमाणांत ते दहा सेंटिमीटरांस थोडे कमी भरतात. एवढें माप कळल्यावर पुठ्ठा कापावयास कंपास पेटींतील पट्टी पुरेशी आहे.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर, आणि तो आमच्या शाळेंतीलच एका शिक्षकांनीं काढिला. ते म्हणाले, "विमान हें माणूस मारण्याचें यंत्र आहे. त्यास रंग देऊन कपाटांत शोभेस ठेवावें, हें तुमच्या मनास कसें पटतें ?" या प्रश्नास आम्हीं त्या दिवशीं उत्तर दिलें नाहीं, कारण आमच्याजवळ तें नव्हतें. आज जें सुचतें तें लिहितों.

डब्यावरील चित्रांत नेहमीं विजयाचा क्षण असतो. आपलें विमान पुढें, शत्रूचें धुरांत, आणि आकाश स्वच्छ. चित्रांत कोणाचा चेहरा दिसत नाहीं. जो नुसता डबा पाहून जोडतो त्याच्या मनांत हेंच चित्र राहतें, आणि अशा मुलाविषयीं आमच्या शिक्षकांची भीति अगदीं खरी आहे. परंतु जो शोध करितो त्यास चित्राबाहेरचीं माणसें भेटल्यावांचून राहत नाहींत. १२ डिसेंबर १९७१ रोजीं जामनगरच्या बाजूस, कच्छच्या आखातावर, भारत भूषण सोनी या आपल्या वैमानिकानें मिग-२१ 'एफएल' विमानांतून तोफेच्या माऱ्यानें पाकिस्तानचें स्टारफायटर विमान पाडलें. इतिहासांत हा मोठा पराक्रम म्हणून नमूद आहे, आणि तो होताच. परंतु त्या पडलेल्या विमानांतही एक माणूस होता. त्याचें नांव मर्विन मिडलकोट. तो समुद्रांत पडला व घरीं परतला नाहीं. सोनींचें विमान जोडावयास घेतलें म्हणजे मिडलकोटचें नांव वाचावेंच लागतें. आणि तें वाचल्यावर पोटाखालील ती तोफेची पेटी आम्हीं बसविली, पण कोणी जयघोष केला नाहीं.

त्याच युद्धांत १४ डिसेंबर रोजीं मिग-२१ विमानांनीं ढाक्याच्या गव्हर्नर-निवासावर अग्निबाणांचा मारा केला, आणि त्यानंतर तेथील गव्हर्नर मलिक यांनीं राजीनामा दिला. दोनच दिवसांनीं, १६ डिसेंबरास, पाकिस्तानी सैन्य शरण आलें. त्या हल्ल्याचे नेते बिश्नोई यांच्याजवळ शहराचा लष्करी नकाशा नव्हता. प्रवाशांसाठीं छापलेल्या साध्या नकाशावरून त्यांस ती इमारत दाट वस्तींतून हुडकून काढावी लागली. तो नकाशा वाचण्यांत चूक झाली असती तर कोणाच्या घरावर तो मारा झाला असता, याचा विचार मनांत आल्याशिवाय राहत नाहीं. बिनचूकपणा हा केवळ विद्वानांचा गुण नसून दयेचाही एक प्रकार आहे, असें आम्हांस तेव्हां वाटलें.

आणि शत्रूच्याच काय, आपल्याही माणसांची गोष्ट डब्यावर नसते. मिग-२१ हें १९६३ सालीं चंडीगडास आपल्या वायुसेनेंत आलें, आणि त्याच चंडीगडास २६ सप्टेंबर २०२५ रोजीं त्यास निरोप देण्यांत आला. या बासष्ट वर्षांत युद्धांत जितकें, त्याहून अधिक दुःख या विमानानें शांततेच्या काळांतील अपघातांनीं दिलें. फ्लाइट लेफ्टनंट अभिजित गाडगीळ हे १७ सप्टेंबर २००१ रोजीं राजस्थानांत मिग-२१ च्या अपघातांत मृत्यु पावले. त्यांच्या मातोश्री कविता गाडगीळ यांनीं आपलें दुःख घरांत कोंडून न ठेवतां या विमानांच्या सुरक्षिततेचा प्रश्न देशापुढें मांडला. आणि पुत्राची स्मृति म्हणून त्या मातापित्यांनीं पुण्यांत वैमानिक-शिक्षणाची संस्था काढिली. हें वाचल्यावर आमच्या हातांतील तें दहा सेंटिमीटर रुंदीचें विमान आम्हांस जड वाटूं लागलें. एकवीस ग्रॅमांचा आमचा हिशेब बरोबर होता, परंतु तो पुरा नव्हता.

म्हणून आमच्या शिक्षकांस आमचें नम्र उत्तर असें आहे कीं, युद्धाचें यंत्र मुलांच्या दृष्टीआड करून युद्धाचा मोह जात नाहीं. आज चित्रपटांतून, खेळांतून व जाहिरातींतून तें यंत्र त्यांच्यापुढें रोज येतच आहे, आणि तेथें तें माणसांवांचून येतें. मोह जातो तो त्या यंत्राच्या आंत कोण बसलें होतें, समोर कोण होतें, आणि तें कोणीं घडविलें, हें जाणल्यानें. शोधासह केलेली प्रतिकृति हें जाणण्याचें एक साधन आहे. शोधावांचून केलेली प्रतिकृति मात्र आमच्या शिक्षकांनीं म्हटली तशीच आहे, आणि आमची पहिली प्रतिकृति तशीच होती, हें कबूल करण्यास आम्हांस संकोच वाटत नाहीं.

तेव्हां आमची सूचना अशी. आमच्या शाळेच्या वार्षिक प्रदर्शनांत मुलें व मुली प्रतिकृति मांडतात, व बक्षीस बहुधा सर्वांत चकचकीत वस्तूस मिळतें. यापुढें प्रत्येक प्रतिकृतीबरोबर एक वही असावी, आणि परीक्षकांनीं आधीं वही पाहावी व मग विमान. त्या वहींत चार गोष्टी असाव्या. ही प्रतिकृति नेमक्या कोणत्या यंत्राची व कोणत्या सालची. प्रत्येक भागाचा आकार व रंग कोणत्या आधारानें ठरविला. कोणत्या गोष्टीचा आधार मिळाला नाहीं व तेथें केवळ तर्क चालविला. आणि या यंत्राशीं ज्या माणसांचें आयुष्य बांधलेलें होतें त्यांची हकीकत. तिसरें कलम सर्वांत कठीण आहे. 'हें मला ठाऊक नाहीं' असें स्वच्छ अक्षरांत लिहिण्याची संवय आम्हां विद्यार्थ्यांस मुळींच नाहीं. परीक्षेंत तर आम्ही जें ठाऊक नसतें तेंच अधिक लांबवून लिहितों.

विषयांची कांहीं वाण नाहीं. मुंबईचे श्रीकृष्ण वेलिणकर हे पहिल्या महायुद्धांत, १९१८ सालीं, फ्रान्सच्या आघाडीवर सॉपविथ डॉल्फिन या लांकूड-कापडाच्या विमानांतून लढतांना जखमी झाले व वारले. शंभराहून अधिक वर्षांपूर्वीं एक मराठी नांवाचा तरुण लढाऊ विमान चालवीत होता, हें आमच्यापैकीं कोणासही ठाऊक नव्हतें. पुढच्या वर्षीं पुठ्ठा, काड्या व पातळ कागद घेऊन त्यांचें विमान करावें, असा आमचा विचार आहे. दिल्लीस कोणी जाणार असल्यास त्यांनीं पालम येथील वायुसेनेचें संग्रहालय अवश्य पाहावें. तेथें जुनीं विमानें प्रत्यक्ष उभीं आहेत, आणि प्रत्यक्ष पाहण्यासारखा आधार दुसरा नाहीं.

आमच्या पहिल्या विमानाचें काय झालें, हें वाचक विचारतील. आम्हीं तें मोडलें नाहीं. कांचेचें झांकण मात्र सोडवून, पुढच्या बाजूस बिजागरी धरून, पुन्हां बसविलें. चिकटविल्याचा जुना डाग बाजूस राहिलाच. पोटाखालीं पेटी लाविली. रंगाविषयीं वहींत लिहिलें : 'आधार मिळाला नाहीं, तर्कानें दिला.' मग तें घेऊन आम्ही पुन्हां आजोबांकडे गेलों. त्यांनीं चष्मा लाविला, झांकण पाहिलें, पोटाखालीं पाहिलें, आणि यावेळीं कांहींच विचारलें नाहीं. थोडा वेळ तें तळहातावर तसेंच धरून ते गप्प बसले. मग कोणाचें तरी नांव घेतलें; तें आमच्यासाठीं नव्हतें, म्हणून येथें लिहीत नाहीं. आम्हीं तें विमान त्यांच्याकडेच ठेविलें आहे.